टाच कापलेला बूट

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील अशी शक्यता आहे. तसं झालं तर मला बोलायला जागा नाही. तुझी दोन पत्रं माझ्याकडे अजून बंदच आहेत.

काम एवढंच आहे. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, वय सत्तेचाळीस. त्याला नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला. रक्त तपासलं, तर ते एलडीएल की काय म्हणतात, वाईट कोलेस्ट्रॉल, ते दोनशे शहात्तर निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आकडा नुसत्या खाण्यापिण्याचा नाही, घराण्यातून आलेला दिसतो, भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासून घ्या. माणूस पीत नाही, बेताचं खातो, सिगारेट सोडून त्याला पंधरा वर्षं झाली. त्याचं म्हणणं असं की डॉक्टरांना कारण सापडलं नाही की ते वाडवडिलांच्या माथी मारतात.

तुझी सगळी नोकरी रक्ताच्या नळ्या तपासण्यात गेली. यात तथ्य किती, ते चार ओळींत कळव.

पत्ता मावशीनं दिला. तिला बोल लावू नकोस.

तुझा भाऊ


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. मी चार ओळी मागितल्या होत्या, तू एक पाठवलीस. 'त्या ओळखीच्या माणसाला म्हणावं, मोजा काढ आणि टाच बघ.'

वाचून हसू आलं. हसताना छातीवर हात गेला आणि मी हसायचा थांबलो. हल्ली असंच होतं.

तो माणूस मीच. पाकीट फोडायच्या आधीच तुला कळलं असणार.

दहा फेब्रुवारीला कारखान्याच्या गेटवर युनियनची सभा होती. नव्या व्यवस्थापनाला भट्टीवरची पाळी सहा तासांवरून परत आठ तासांवर न्यायची आहे. मी बोलत होतो. माझ्या भाषणात एक जागा ठरलेली आहे. तू माझं एकच भाषण ऐकलंस, पहिलं, त्यामुळे तुला ती माहीत नाही. 'माझा बाप या भट्टीनं खाल्ला' असं म्हणून मी हात छातीवर ठेवतो आणि थांबतो. मग टाळ्या पडतात. त्या दिवशी वाक्य झालं, हात छातीवर गेला आणि आत कुणीतरी पाना लावून आवळल्यासारखं झालं. मी थांबलो. टाळ्या पडल्या. मी गुडघ्यावर आलो, तर टाळ्या वाढल्या. पहिल्या रांगेतला म्हातारा साचेवाला शेजारच्याला म्हणाला, 'आज गडी रंगात आलाय.' नंतर दवाखान्यात माझ्या उशाशी बसून हे त्यानंच मला रडत सांगितलं.

पहिली धावली ती ठिणगी. माझी मुलगी. तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलंय. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाली, 'हात ठेवता तेव्हा तुम्ही नेहमी लोकांकडे बघता. त्या दिवशी जमिनीकडे बघत होतात.'

मनगटातून तार घालून एक बंद झालेली नळी उघडली, तिथे जाळीची नळी बसवली. आणखी दोन अर्ध्या बुजलेल्या आहेत. रोज रात्रीची गोळी आणि महिन्याने पुन्हा रक्त. छातीवर एक टाकाही नाही. लोकांना दाखवायला काही नाही, हे बघून मला जरा वाईटच वाटलं, यावरून मी किती सुधारलोय ते तू ओळख.

मग मी मोजा काढला.

टाचेमागची जाड शीर असते ना, ती माझी अंगठ्याएवढी झालीये. तिच्यावर दोन गाठी, बोरीच्या बीएवढ्या, दगडासारख्या घट्ट. दुखत नाहीत. बूट मात्र चावतो. म्हणून गेली चार वर्षं मी बुटाची मागची कड चाकूनं कापतो. अप्पांच्या बुटाची मला कधी आठवण झाली नाही, असं इथे लिहिणार होतो. झाली होती. पहिला बूट कापला त्याच दिवशी झाली होती.

अप्पांचा बूट अजून माझ्याकडे आहे. गेली अठ्ठावीस वर्षं प्रत्येक सभेला तो माझ्या पिशवीत असतो. अप्पांच्या मृत्यूच्या चौकशी समितीसमोर मी तो पहिल्यांदा वर धरला तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. 'हे बघा, या उष्णतेत चामडं आखडतं, टाच सोलते, आणि माणूस स्वतःचा बूट कापून परत भट्टीसमोर उभा राहतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी उभ्या उभ्या मरतो.' त्या बुटानं आपल्याला सहा तासांची पाळी दिली, पंखे दिले, विश्रांतीची खोली दिली. हे खोटं नाही.

आणि माझ्यानंतर तुला बोलावलं. तू बावीस वर्षांची, अप्पांना जिथे तपासलं त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नुकती लागलेली, अप्पांच्या शेवटच्या रक्ताची नळी तुझ्याच हातून गेलेली. तुला विचारलं, तू सांगितलंस. कोलेस्ट्रॉल तीनशे ब्याऐंशी. टाचांवर गाठी. त्यांचे वडीलही चाळिशीच्या आत गेले. नुसत्या भट्टीनं हे होत नाही.

पुढे मी गेटवर तुझ्याबद्दल काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते तुला पाठ असेल.

दमलो. बाकी नंतर.


६ एप्रिल

ताई,

तू विचारलंस, मुलीचं रक्त तपासलं का. नाही तपासलं. तेच सांगायला बसलोय.

ठिणगी चोवीस वर्षांची आहे. आपल्याच कारखान्यात क्रेन चालवते, त्या कामावर लागलेली पहिली मुलगी. छताशी एक पत्र्याची केबिन, तिथे चढायला बेचाळीस पायऱ्यांची उभी शिडी, आणि खाली वितळलेल्या लोखंडाची बादली, तिनं हलवायची. ही बाई त्या शिडीवर धाप न लागता चढते. अंगानं काडी. सकाळी उठून पळायला जाते. तिला बघून कुणी म्हणणार नाही की हिच्या रक्तात काही असेल. मीही म्हणालो नसतो, पण डॉक्टरीणबाईंनी माझ्या कागदांवर सही करताना तिचा हात पाहिला. बोटांच्या सांध्यांवर, वरच्या बाजूला, बारीक पिवळसर गाठी. बाईंनी विचारलं, हे काय. ठिणगी म्हणाली, 'क्रेनच्या दांड्याचे घट्टे आहेत.'

घट्टा तळहाताला पडतो, ताई. बोटांच्या पाठीवर पडत नाही.

त्या दिवसापासून रोज जेवताना हाच विषय. काल मी म्हणालो, 'चमचाभर रक्त द्यायचंय, मूत्रपिंड नाही मागत.'

'आणि आकडा आला की?' ती म्हणाली. 'कंपनीचा डॉक्टर म्हणणार, पोरीत खोट आहे, क्रेनवरून उतरवा. उद्या भट्टीवर कुणी पडला की म्हणणार, त्याच्या रक्तातच होतं, आमचा काय दोष. हे तुम्हीच शिकवलंत. आत्याचं उदाहरण देऊन शिकवलंत.'

'मी चुकलो असेन.'

'कधी? तेव्हा, की आता? तेव्हा तुम्ही एकोणीस वर्षांचे होतात आणि कुणाला भीत नव्हतात. आता घाबरलाय, म्हणून त्यांचं खरं वाटतंय.'

'अगं, गोळी घेऊन हे आवरता येतं. तुझ्या वयात सुरू केली तर माझ्यासारखं होत नाही.'

'गोळ्या तुम्ही घ्या, बाबा. मला आजोबांच्या बाजूला राहू द्या.'

मी तिच्या आईकडे पाहिलं. ती भाषणं करत नाही, वाद घालत नाही, पण वेळ बरोबर साधते. म्हणाली, 'जीभ तुमचीच दिलीत ना तिला. आता बसा ऐकत.'

मी आयुष्यभर मोठमोठ्या माणसांना वादात गप्प केलं. कंपनीचे वकील माझ्यासमोर पाणी मागायचे. आणि या पोरीच्या तोंडून माझंच भाषण येतं, माझ्या विरामांसकट. आणि त्या भाषणात अर्धं खरं आहे. कंपनी तेच करेल जे ती म्हणते.

पण मी रोज दोन वाजता कारखान्याच्या दिशेनं कान देऊन बसतो. तिच्या पाळीचा भोंगा झाला की मला ती केबिन दिसते, आणि ती बादली.

ताई, तू ये. तू शिकलेली आहेस, तू तिला समजावशील. मी मागतोय हे किती निर्लज्जपणाचं आहे ते मला कळतं. तरी मागतो.


२८ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मी आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय. 'मी येणार नाही. तिच्या लेखी मी कोण? तिला तुझं ऐकायची सवय लागलीये. जिथे शिकवलंस तिथेच मोड.'

तू कधी ओरडली नाहीस. त्यापेक्षा ओरडली असतीस तर सोपं गेलं असतं.

मग मी तुझी ती दोन बंद पत्रं काढली. एक ठिणगी झाली तेव्हाचं, दुसरं मी चाळिशी ओलांडली तेव्हाचं. पहिल्या पत्रात तू किती सोपं करून लिहिलं होतंस. यकृतावर दारं असतात, रक्तातली चरबी त्यातून आत ओढली जाते. दारं कशी बनवायची याचे दोन नकाशे प्रत्येकाकडे असतात, एक आईचा, एक वडिलांचा. अप्पांकडचा एक नकाशा चुकलेला होता, म्हणून अर्धीच दारं नीट. चरबी जन्मापासून रक्तातच फिरत राहते, नळ्यांच्या भिंतीत बसते, शिरांवर गाठी होऊन बसते. काडीसारखा माणूसही यातून सुटत नाही. आणि प्रत्येक मुलाला तो चुकलेला नकाशा मिळण्याची शक्यता अर्धीअर्धी. 'मला मिळाला आहे,' तू लिहिलंस. 'तुला मिळाला असेल तर बाळाचंही बघ. मोठी झाली की बघ, पण बघ.'

तुला मिळाला आहे, हे मला चोवीस वर्षांनी कळलं. तू तिशीपासून गोळी घेतेस, तेही दुसऱ्या पत्रातच कळलं. तू पन्नास वर्षांची आहेस. अप्पांच्या बाजूनं पन्नाशी गाठणारी तू पहिली, आणि ते साजरं करायला घरचं कुणी नव्हतं.

दुसरं पत्र तीन ओळींचं होतं. त्यातली शेवटची ही: 'आपले आजोबा शिंपी होते, हे तू एकदा तरी गेटवर सांग.'

सांगितलं नाही. आजोबा शिवणयंत्रावर बसल्या बसल्या गेले, एकोणचाळिसाव्या वर्षी. भट्टी सोड, त्यांनी कधी चूलही फुंकली नसेल. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौकशीच्या आदल्या दिवशी आईनं मला सांगितलं होतं, आणि मी म्हणालो होतो, 'हे बाहेर बोलू नकोस.' मी चुकीचं समजलो, असं मी ठिणगीला सांगत होतो. ते खरं नाही. मी बरोबर समजलो होतो आणि गप्प बसलो. तू गप्प बसली नाहीस म्हणून मला तू नको होतीस.

इतकी पुस्तकं वाचली, इतिहास, राज्यशास्त्र, क्रांत्या. घरी मात्र दोन पाकिटं फोडली नाहीत.

एक गोष्ट तरीही लिहितो, कारण ती लिहिली नाही तर मी पुरता मोडेन. भट्टी निर्दोष नव्हती. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, तो धूर, ती उष्णता, त्या जागरणाच्या पाळ्या, अप्पांच्या विड्या, या सगळ्यांनी त्यात भर घातली असणार. नकाशा चुकला होता आणि वर माणसाला भट्टीसमोर उभं केलं. मी एकालाच आरोपी केलं. तू समितीला 'नुसत्या भट्टीनं' असं म्हणाली होतीस. तो 'नुसत्या' मी तेव्हा ऐकला नाही.


१३ मे

ताई,

काल सभा झाली. डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटं बोलायची परवानगी दिली होती. नऊ घेतली.

ठिणगी पुढेच उभी होती, पाळी संपवून, तोंडावर काजळी तशीच. मी पिशवीतून बूट काढला तशी मंडळी सरसावली. त्यांना पुढचं पाठ आहे. मी म्हणालो, 'हा बूट भट्टीमुळे कापलेला नाही.' मग खाली बसलो, माझा बूट काढला, मोजा काढला आणि टाच वर केली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस खुर्चीवर बसून लोकांना पाय दाखवतोय, हे दृश्य काही भव्य नव्हतं. मागून एक जण म्हणाला, 'नेते, पाय धुवून तरी यायचं होतं.' हशा झाला. त्या हशानं मला जरा धीर आला.

मी सांगितलं. हीच गाठ माझ्या बापाला होती. मी भट्टीसमोर एक दिवस उभा राहिलेलो नाही. माझे आजोबा शिंपी होते. माझ्या बहिणीनं हे सगळं तेव्हाच खरं सांगितलं होतं, आणि याच जागेवर उभं राहून मी तिला फितूर म्हणालो. ती फितूर नव्हती. मला खरं माहीत होतं.

कुणीतरी ओरडला, 'मग काय, पाळी आठ तासांची करू द्यायची?'

मी म्हणालो, 'नाही. ज्याच्या रक्तात ही चूक आहे तो भट्टीसमोर इतरांच्या आधी पडतो. म्हणून पाळी सहाच तासांची पाहिजे, आणि प्रत्येकाचं रक्तही तपासलं पाहिजे, आणि त्याचा आकडा त्याच्या हातात पाहिजे, मालकाच्या नाही. माणूस मेल्यावर त्याची बाजू घ्यायची मला सवय लागलीये. जिवंत असताना घ्यायची राहून गेली.'

टाळ्या पडल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. लोक पाय ओढत पांगले. म्हातारा साचेवाला जवळ आला, अप्पांचा बूट हातात घेऊन पाहिला. म्हणाला, 'बोललास ते बरं केलंस. पण आता सभेत दाखवायला राहिलं काय?'

'टाच आहे की.'

'ती काय सगळ्यांनाच असते,' तो म्हणाला आणि गेला.

आज व्यवस्थापनानं युनियनच्या समितीला पत्र दिलंय, त्यात माझंच वाक्य अवतरणात घातलंय, अर्थात अर्धं. समितीनं मला विश्रांती घ्यायला सांगितली. आवाज प्रेमळ होता, अर्थ कळला. नवा बोलणारा शोधतील. संध्याकाळी एक फिटर मागच्या दारानं आला. त्याचा मोठा भाऊ अडतिसाव्या वर्षी गेलेला. दारातच उभा राहून म्हणाला, 'त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना किती वाजता उघडतो?' एवढंच विचारून गेला.

ठिणगी सभा संपायच्या आत निघून गेली. कालपासून माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते. मी मोडलं, ताई, जिथे शिकवलं तिथेच. त्यात तीही मोडली की काय, कळत नाही.


३ जून

ताई,

हे पत्र ठिणगीच्याच हाती येतंय, त्यामुळे पत्ता लिहिलेला नाही.

तीन आठवडे ती गप्प होती. परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, 'आजोबांचा बूट द्या.' दिला. तिनं तो उलटापालटा केला, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आत हात घातला. मग स्वतःची चप्पल काढली आणि टाचेमागून बोट खाली आणलं. वरून खाली, परत वरून खाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. अशा वेळी काय बोलायचं ते मला नेहमी सुचतं. मी बोललो नाही.

'आहे,' ती म्हणाली. 'छोटी आहे. पण आहे.'

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

'रक्त देईन,' ठिणगी म्हणाली. 'पण तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे नाही. ज्या बाईला तुम्ही फितूर म्हणालात, तिनंच काढायचं. तिच्याच हातून.'

'मी येऊ बरोबर?'

'तुम्हाला कुणी बोलावलंय?'

खरं आहे. तिनं नाही बोलावलं, तूही नाही. म्हणून मी येत नाही.

सकाळच्या गाडीनं तिला बसवतोय. उपाशीपोटी येतेय, तसं करायचं असतं असं तिनं कुठेतरी वाचलंय. गरज नसेल तर आधी खायला घाल. सुईला घाबरते, कबूल करणार नाही. छताएवढ्या उंचीवरून लोखंड ओतते आणि सुई बघून मान फिरवते. तिचे प्रश्न टोचतील, मला टोचले. उत्तरं खरी दे, तुला दुसरं येतही नाही. बूट तिच्या पिशवीत आहे. तो आता तिकडेच राहू दे. मला तो यापुढे उचलायचा नाही.

तुझी माफी मागण्यासाठी मी चार वेळा कागद घेतला. चारही वेळा भाषण झालं. ते चारही फाडले. मी चुकलो, ताई. तुला मी जाणूनबुजून दूर केलं.

आकडा काहीही येवो. आधी तिला सांग. तिला कळून, तिचं जेवण होऊन, वाटलं तर मग मला कळव. गेली अठ्ठावीस वर्षं प्रत्येक गोष्टीवर मी आधी बोलत आलो. या वेळी थांबतो.

तुझा भाऊ